भाविकाचा स्कोर

कोपरखैरणे गावात पुतळाबाईचा विषय निघाला की लोक हसून विचारत, म्हातारी अजून गेमला सेल घालते का? हसणाऱ्यांचं तरी काय चुकलं? शेतं जाऊन इमारती आल्या, भाडेकरू आले, आणि हिच्या देव्हाऱ्याशेजारी विटा रचायचा तो हातातला जुना गेम तसाच जिवंत.

गेम तिच्या थोरल्या लेकीचा, भाविकाचा. वाशीच्या दुकानातून हट्टाने आणवलेला. शाळेत असतानाच ती काविळीने गेली आणि तिचा सर्वांत मोठा स्कोर गेममध्ये राहिला. सेल काढले की तो पुसला जाणार. म्हणून नवरा कान्हा जास्तीचे दोन सेल तारांनी आतल्या पत्र्यांना लावून धरायचा आणि तेवढ्यात पुतळाबाई जुने काढून नवे बसवायची. एकट्याचं ते काम नव्हतं.

धाकट्या कुंदनला मात्र त्या गेमला हात लावायची बंदी. त्याने जास्त स्कोर केला तर ताईचा जाईल, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. त्या घरात भाविकाचं नावच कुणी काढत नसे. त्याला रंगीत पडद्याचा गेम आणला, मग टीव्हीला लावून कॅसेट बदलायचा, मग मोबाईल. पोराला हवा होता तोच तेवढा मिळाला नाही.

यंदा कान्हा गेला. पडद्यावरचे आकडे फिके पडू लागले, सेल संपत आले. नाइलाजाने तिने कुंदनला बोलावून तारा त्याच्या हातात दिल्या.

"घट्ट धर. याच्यात तुझ्या बहिनीचा स्कोर हाय."

"ताईचा?" कुंदनने वर पाहिलं. दोन मुलांचा बाप, पण आईच्या तोंडाकडे बघता बघता हातातली तार सुटली. पडदा कोरा झाला. नवे सेल बसवल्यावर दिसलं ते शून्य.

"आई, माझ्याच हातनं..." त्याने तारा खाली ठेवल्या.

पुतळाबाई पदर तोंडाला लावून रडली. भाविका आज दुसऱ्यांदा गेली होती. पण समोर मान खाली घालून बसलेला कुंदन बघितला आणि तिला वाटलं, गेलेल्या लेकीचं जपताना असलेल्या लेकाला आपण दारातच उभं ठेवलं. तिने गेम पदराने पुसला, त्याच्यापुढे धरला.

"घे. आता खेल."

कुंदन खेळू लागला. विटा भराभर साचल्या, डाव लगेच संपला.

"परत खेल," ती म्हणाली आणि त्याला टेकून बसली.