राईतली काठी आणि परतीची बस

रानात चालायला जायचं तर बसनेच जावं, हे माझं मत आजही कायम आहे. कारण साधं आहे. स्वतःची गाडी नेली की ती जिथे उभी केली तिथेच परत यावं लागतं. बसचं तसं नाही. एका गावात उतरायचं, डोंगर चढून खिंड ओलांडायची, पलीकडच्या गावात उतरून दुसरी बस धरायची. गाडीवाल्यांच्या नशिबात हे नाही. ते अर्ध्यातून मागे फिरतात आणि घरी येऊन ट्रेक केला म्हणून सांगतात.

हे मी घरी कितीदा समजावलं असेल. पण नवऱ्याने नवी गाडी घेतल्यापासून माझं बसने जाणं त्याच्या जिव्हारी लागायचं. "अर्ध्या तिकिटाची हौस," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणूनच मी रविवारी उठून त्र्यंबक-हरसूलकडच्या बस शोधत बसते, असा त्याचा समज. त्याच्या गाडीतूनही एकदा जाऊन पाहिलं. तो सीट मागे पाडून झाडाखाली लवंडला. आम्ही जरा कुठे चढाला लागलो तोच खालून हॉर्न. भूक लागली होती त्याला.

आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. आठवडाभर तिथे एकेका बेअरिंगसाठी भांडणारी माणसं बघून झाली की रविवारी मला बसची खिडकी आणि पायाखाली वाट, एवढंच हवं असतं. जावेला बोलायला लागतं, वाटेतल्या प्रत्येक शेंदूर लावलेल्या दगडाला हात जोडायला लागतात, पण ती चालते छान आणि कुरकुरत नाही. मला तेवढं पुरतं.

शेवटी नवऱ्याने अट घातली. "जा बसने. पण एकदा जरी मला न्यायला यावं लागलं, तर त्यानंतर गाडीच. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. परतीची बस चुकवणाऱ्यांतली मी नव्हे.

थंडीचे दिवस होते. हरसूलच्या अलीकडे एका फाट्यावर उतरलो, सागाच्या रानातून चढलो, खिंडीत डबा खाल्ला. पलीकडच्या उतारावर देवराई लागते. देवाच्या नावाने राखलेलं रान, म्हणून तिथली झाडं दोघींच्या कवेत मावणार नाहीत अशी. भर दुपारी तिथे गार वाटतं. तिथेच जावेचा गुडघा दुखायला लागला. उतार तीव्र, त्यावर वाळलेल्या पानांचा थर. तिने वाटेकडेला पडलेली एक काठी उचलली. टोकाला वाकडी, हातात छान बसणारी. तिच्या आधाराने ती व्यवस्थित खाली उतरली. गावातल्या बसथांब्यावर पोचलो तेव्हा बसला बराच अवकाश होता. मी बूट काढून पाय मोकळे केले.

थांब्यावर वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन एक बाई बसली होती. तिने काठीकडे पाहिलं.

"बाई, ही काठी कुठली?"

"वरच्या झाडीतली," जाऊ म्हणाली. "पडलेलीच होती."

"राईतली? अगं बाई! ती नाय आणायची खाली. देवाची हाय. आम्ही तिथलं वाळकं पान नाय उचलत."

"मग राहू दे इथेच," मी म्हटलं. "बस आली की आम्ही जाऊ."

"अन् इथं तिला कोण हात लावंल? मी तर नाय लावणार."

मी बूट ओढले. "दे, मी ठेवून येते. माझे पाय धड आहेत."

"तुम्ही नाय. जिनं आणली तिनंच ठिवायची," असं म्हणून ती आपल्या शेंगा सावरायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

जाऊ उठून उभी राहिली. मी तिला बाजूला घेतलं आणि शांतपणे समजावलं, निदान मला तरी ते शांतपणे वाटलं. बस चुकेल. बस चुकली की अट मोडली. अट मोडली की जन्मभर सीट मागे पाडलेला माणूस आणि हॉर्न. एका वाळक्या काठीपायी?

"माझ्या मनाला लागून राहील, ताई."

"अगं, वर जायला तुला काठी लागणार. ती तिथे ठेवल्यावर खाली यायला काय लागणार?"

"तुम्ही आहात ना."

ती त्याच काठीवर भार देत निघालीसुद्धा. मी मागोमाग. सगळा चढ मी मनातल्या मनात भांडत चढले, त्या बाईशी, जावेशी आणि देवाशीही. राईत पोचल्यावर जावेने काठी होती तिथे ठेवली आणि जरा पलीकडे, झाडाआड जाऊन बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, नमस्कार चाललाय. मी घड्याळ बघत होते.

उतरताना तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर. शेवटच्या वळणावर खालचा रस्ता दिसायला लागला, आणि रस्त्यावर बसचं लाल टप. थांब्यापाशी थांबली. एक माणूस चढलं, म्हणजे ती शेंगावालीच. मी जिवाच्या आकांताने ओढणी हलवली. बस निघून गेली.

"आता?" जाऊ म्हणाली.

"आता गप्प बस," मी म्हटलं.

मोबाईलला रेंज नव्हती. असती तरी मी घरी फोन केला नसता. रस्त्यावर उभी राहून मी येणाऱ्या प्रत्येक वाहनाला हात केला. शेवटी नाशिकच्या मार्केटकडे रिकामे क्रेट घेऊन निघालेला एक टेम्पो थांबला. पुढे दोघं बसलेले, आम्ही मागे क्रेटवर. धुळीसाठी दोघींनीही स्कार्फ बांधले, स्कूटीवर बांधतात तसे, डोळे तेवढे उघडे. त्र्यंबकच्या अलीकडे समोरून एक पांढरी गाडी आली. नंबर माझा पाठ आहे.

"हे इकडे कुठे निघाले?" मी म्हटलं.

जाऊ आणखी खाली सरकली. "ताई, मी वर राईत होते ना, तिथे रेंज आली. भाऊजींना फोन केला. उशीर होईल, काळजी करू नका, एवढंच सांगितलं."

"एवढंच?"

"गुडघ्याचंही सांगितलं. आणि राई कुठल्या गावाच्या वर आहे तेही."

टेम्पो थांबवायला ती पत्र्यावर हात आपटणार होती. मी तो धरून ठेवला. नवरा टेम्पोकडे बघत, बहुधा त्याच्या धुराला शिव्या देत, शेजारून निघून गेला. मी धरलेला हात बराच पुढे गेल्यावर सोडला.

घरी पोचल्यावर मी त्याला फोन लावत राहिले. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तो दिवेलागणीनंतर आला. केसांत पानं, पँटला कुसळं, घसा बसलेला. पार्किंगमध्येच सुरू झाला.

"आलो होतो की नाही न्यायला? अट म्हणजे अट."

"आलात," मी म्हटलं. "आणलंत कुणाला?"

"म्हणजे काय? दोन तास तुम्हाला शोधत हिंडलो. पार वरच्या झाडीपर्यंत गेलो, हाका मारल्या. उतरताना ही नसती तर माझे दात घशात गेले असते." त्याने डिकी उघडली आणि काठी बाहेर काढली.

टोकाला वाकडी. तीच.

जावेने तोंडावर हात ठेवला. मला आधी हसू फुटलं. मग ती काय बोलणार हे लक्षात आलं आणि ते तिथेच थांबलं.

"भाऊजी, ती तुम्हीच नेऊन ठेवायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"वेडेपणा आहे सगळा," तो म्हणाला, पण काठी त्याने घरात आणली नाही. आठवडाभर ती पार्किंगच्या भिंतीला टेकून होती. जाऊ रोज ऑफिसला निघालेल्या भाऊजींना हसून विचारायची, "आहे ना जागेवर?" गुरुवारी रात्री जेवताना त्याने स्वतःच विषय काढला. "रविवारी टाकून येतो ती."

"गाडी घेऊन जा," मी घाईने म्हटलं. "लवकर होईल."

"गाडीने गेलो तर सगळा चढ चढून पुन्हा गाडीपाशीच परत यावं लागतं. त्यापेक्षा तुमच्यासारखं वरून उतरता उतरता ठेवतो. येतो तुमच्याबरोबर बसनेच."

माझंच म्हणणं, माझ्याच ताटासमोर बसून मला ऐकवलं. अटीचं काय झालं हे त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही.

रविवारी तो पायांमध्ये काठी धरून खिडकीशी बसला. स्वतःला पूर्ण तिकीट पडलं यावर फाटा येईपर्यंत बोलला. खिंडीत आमच्या डब्यातल्या चार चपात्या खाल्ल्या. राईत त्याने काठी ठेवली, वाटेपासून चांगली आत, जावेने बोट दाखवलं तिथे. उतारावर माझ्या एका खांद्यावर जाऊ होती, दुसऱ्यावर तो. थांब्यावर पोचल्यापोचल्या त्याने विचारलं, "पुढच्या रविवारी कुठे?"

बस वेळेवर आली. तो आधी चढला आणि पुन्हा खिडकीशी बसला.