दादाने घेतलेली माझी गोळी

आमच्या घिवलीच्या घरात ओटीवर सकाळपासून ठकठक चालायची. दादा डाय करायचा. किनाऱ्याकडच्या कितीतरी घरांत तेव्हा हा धंदा होता. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नीने नक्षी कोरायची, उलटी आणि खोल. मग मुंबईचे सोनार तिच्यावर पत्रा दाबून दागिने काढायचे. या कामाला दोनच गोष्टी लागतात, डोळे आणि बूड. दादाचं बूड एकदा टेकलं की जेवायलाच उठायचं. माझं मुळी टेकायचंच नाही.

पुस्तक उघडलं की पहिली ओळ, मग खिडकीतला कावळा, मग बाकावरच्या मैत्रिणीची बांगडी, आणि मग मी कुठे होते तेच आठवायचं नाही. बाईंचा मार खाऊन झाला, आईचे नवस करून झाले. दादा म्हणायचा, "मनावर घे. बसलं की बसता येतं." त्याच्या या वाक्याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

नववीत मी सायकल दामटत थेट एका कारखान्याच्या बससमोर गेले आणि हात मोडून घेतला. मुंबईच्या इस्पितळात प्लास्टर ओलं असतानाच मी खाटेवरून उतरून हिंडायला लागले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी पुष्कळ खोदून विचारलं, शाळेची माहिती मागवली आणि शेवटी एक गोळी लिहून दिली. "औषध तरतरी आणणारं आहे, पण हिला त्याने शांत वाटेल," असं त्यांनी बाबांना समजावलं. बाबा तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जाणारे. त्यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "शांत बसायची गोळी हाय."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि माझी दहावी होती. गोळीने भूक मरायची, तोंडाला कोरड पडायची, संध्याकाळी तिचा अंमल उतरला की उगाच रडू यायचं. पण डोक्यात एकदम बोलणारी सगळी माणसं एकेकाने बोलायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी भूमितीचं एक प्रमेय सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं, आणि मान वर केली तर ऊन ओटीवरून उतरून अंगणात गेलेलं. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पास झाले तर पालघरचं कॉलेज, नापास झाले तर पालघरजवळच्याच माहीमच्या बागायतदारांचं स्थळ, असं घरात ठरून गेलं होतं. आता मला कॉलेज दिसायला लागलं होतं.

लग्नसराईच्या आधी दादाकडे कामाचा ढीग पडला. शांत बसायची गोळी घरातच आहे, मग डाय करणाऱ्याने ती का घेऊ नये, असा त्याने साधा विचार केला. मला काहीच बोलला नाही. माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की दादा भराभर बोलतोय, ताटावरून तसाच उठतोय आणि स्वतःवर भलताच खूश आहे. "बघ, काय हात चाललाय माझा!" त्याने मला एक डाय दाखवली. कोयऱ्यांची ओळ होती. बाकीच्या कोयऱ्या जेमतेम आखलेल्या, आणि एकाच कोयरीत तो सकाळपासून रेघेत रेघ घालत बसला होता. मला ती भयंकर खोल वाटली. पोलादातून काढलेलं परत भरता येत नाही, हे मला त्यानेच शिकवलं होतं. पण त्या दिवशी त्याला ते दिसत नव्हतं.

सोनाराकडून डाय परत आली. नेमक्या त्या कोयरीत पत्रा फाटत होता. दादा छाती धरून पायरीवर बसला.

"तुझी गोळी घेत होतो," तो म्हणाला. "तुला पण असंच होतं? छातीत इंजिन, आणि हात काम सोडायला तयार नाय?"

"नाही. मला शांत होतं. एका वेळी एकच गोष्ट दिसते."

तो गोंधळला. "ती तर मला रोजच दिसते."

मला त्याचा असा संताप आला! ज्या गोष्टीसाठी मी जेवण सोडलं होतं, ती याला सकाळच्या चहाबरोबर फुकट मिळत होती.

आईने आतून सगळं ऐकलं होतं. ती गोळ्यांची बाटली घेऊनच बाहेर आली. "धडधाकट माणसाची ही गत, मग माझ्या कवळ्या पोरीचं काय होत असेल?" तिचे डोळे भरले होते. मी सांगितलं, त्याचं वेगळं आणि माझं वेगळं. ती ऐकेना. मी ओरडले, हातवारे केले, रडले. संध्याकाळ झाली होती, सकाळची गोळी उतरली होती आणि नीट सुसंगत बोलणं मला जमतच नव्हतं. मी जितकी बोलत गेले तितकी आईची खात्री पटत गेली, की औषध पोरीच्या डोक्यात गेलंय.

"दादा, तू तरी सांग तिला!"

दादाने छातीवरचा हात काढला नाही. "विष हाय ते," तो म्हणाला. "आई बरोबर बोलते."

त्याच्यापुरतं तो खोटं बोलत नव्हता. आईने गोळ्या खाडीत टाकल्या. बोईसरच्या दुकानांत त्या मिळत नव्हत्या, आणि मला मुंबईला नेण्याची गोष्ट आता घरात कुणी काढू देईना. बाबाही पाळीवर निघून गेले.

मी पुन्हा पोटभर जेवायला लागले. आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, पोरगी माणसात आली. भूमितीच्या पेपरला मी दुसरा प्रश्न अर्धा सोडून चौथ्यावर गेले, चौथा सोडून पहिल्यावर आले आणि घंटेच्या आधीच उठून बाहेर पडले. निकालात भूमिती गेली.

माहीमची माणसं बघायला आली त्या दिवशी आईने मला स्वतःची साडी नेसवली, गजरा माळला. मग माझे दोन्ही हात हातात धरून ती अगदी कळवळून म्हणाली, "ते जाईपर्यंत तरी एका जागी बस गो."