दादाचा गाल आणि सरळ ओढीची रायफल

दादा,

तुझा जबडा माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे, खालून दुसऱ्या फळीवर, शब्दकोशांना टेकून. तीन वर्षं झाली. पाहुणे आधी शब्दकोश बघतात, मग जबडा बघतात, मग माझ्याकडे बघतात. मी सांगते, भावाचा आहे. त्यावर पुढे कुणी विचारत नाही. पण तुझ्या क्लबात या प्रकरणाच्या निदान चार आवृत्त्या फिरताहेत आणि चारींमध्ये मीच वेंधळी ठरते, तेव्हा आता एकदा नीट लिहूनच काढते. तू मधे मधे बोलू नकोस. तुझं बोलणं जिथे यायचं तिथे मी आणीन.

तर, दादा कवळ्या करतो. दातांचा डॉक्टर वेगळा. डॉक्टर तोंडात हात घालतो, माप घेतो आणि पाठवून देतो. त्या मापात प्लास्टर ओतून, त्यावर मेण चढवून, त्यात एकेक दात रोवून माणसाला पुन्हा चावता येईल असं करणारा तो दादा. घराच्या मागच्या अंगाला त्याची खोली आहे. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर गॅसची बोटभर ज्योत, लाल मेणाच्या पट्ट्या, कोपऱ्यात प्लास्टरचं पिंप, आणि भिंतभर फळ्यांवर अख्ख्या गल्लीचे जबडे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. चाळीसहून जास्त वर्षं हेच केल्यामुळे दादाला माणसं चेहऱ्याने आठवत नाहीत. वहिनी म्हणते, "अहो, कोपऱ्यावरच्या शिंपिणीची थोरली नाही का," तर हा शून्यात बघतो. "वरचा जबडा अरुंद, पुढचा एक वाकडा," म्हटलं की लगेच, "हां, ती होय. बरी आहे ना?"

पन्नाशी उलटल्यावर दादाने रायफल घेतली. मारायला काही नाही, कागदावर नेम धरायला. वहिनी जो भेटेल त्याला सांगत सुटली, "या वयात लोकांना गुडघे होतात. यांना रायफल झाली."

बरं, घेतली ती चारचौघांसारखी नाही. साध्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, आधी वर उचलायचा, मग मागे ओढायचा, मग पुढे ढकलायचा, मग खाली पाडायचा. तेव्हा कुठे पुढचं काडतूस आत बसतं. दादाच्या रायफलीचा बोल्ट सरळ मागे आणि सरळ पुढे, संपलं काम. घरी येईल त्याला तो छत्री हातात घेऊन हे करून दाखवायचा.

"दोन हालचाली वाचतात," तो म्हणायचा.

"वाचवून ठेवता कुठे?" वहिनी विचारायची.

रायफलीच्या खोक्यात कंपनीचं एक कार्ड होतं. मालकाने आपले अभिप्राय कळवावेत: अचूकता कशी वाटली, काही फेरफार केलेत का. उत्तराला दोन ओळी जागा. दादाने कार्ड वाचलं, दोन ओळी बघून नाक मुरडलं आणि दोनशे पानी वही आणली. वहीत त्याने कवळीच्या गिऱ्हाइकांसाठी आखतो तसेच रकाने आखले. पहिल्या पानावर आहे: तक्रार, थंडीत पहिली गोळी वर जाते. तपासणी, दस्त्याचं लाकूड नळीला एका अंगाने लागतं. दुरुस्ती, खरवडून कमी केलं. शेवटचा रकाना 'रुग्णास सूचना' असा, तो बिचारा रिकामाच राहिला.

मग फेरफार सुरू झाले. रायफलीचं लोखंडी अंग लाकडी दस्त्यात जिथे बसतं तिथे केसभर फट होती. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती. पण उभा जन्म ज्याने कवळी आणि हिरडी यांच्यामधली फट शोधण्यात घातला, त्याला रात्रीची झोप लागेना. त्याने दस्ता पोखरला, कवळीच्या हिरड्या करायची गुलाबी पावडर तिच्या झोंबऱ्या वासाच्या पाण्यात कालवली आणि रायफल हिरडीत बसवावी तशी बसवून टाकली. मग बोल्टची मूठ बोटांच्या मापाने गुलाबी झाली. मग गाल टेकतो तिथे उंचवटा हवा म्हणून मेण कोमट करून दस्त्यावर थापलं, त्यावर स्वतःचा गाल दाबला, आणि तो ठसाही गुलाबी रंगात कायमचा झाला. रंग बदलता आला असता. पण त्याच्याकडे गुलाबी होता.

क्लबात त्या रायफलीला सगळे कवळी म्हणतात. तोंडावर म्हणतात. दादाला त्याचं काही वाटत नाही, कारण पन्नास मीटरवरून पाच गोळ्या मारल्या की पाचांचा पुंजका सदऱ्याच्या बटणाखाली झाकला जायचा. ते कागद तो वहीत चिकटवायचा, शेजारी बटण शिवून ठेवलेलं. दुसऱ्या क्लबाशी वर्षातून एकदा सामना होतो, चौघांचा संघ जातो, आणि त्या चौघांत दादा सलग बारा वर्षं होता. चौघं निवडायचे ते फक्त गुणांवर, वय, मान, जुनेपणा काही बघायचं नाही, हा नियमही त्यानेच भांडून करून घेतलेला. तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता आणि त्याला एका सत्तरीच्या सभासदाची जागा हवी होती.

दादाला अडुसष्टावं लागलं त्या वर्षी त्याच्या उजव्या बाजूच्या वरच्या तीन दाढा ओळीने काढाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, "आता तुमचं तुम्हीच करून घ्या, मी काय सांगणार." दादा म्हणाला, "बघू." दर गिऱ्हाइकाला तो एक्केचाळीस वर्षं सांगत आला होता की आठ दिवसांत सवय होते. खरी किती दिवसांत होते हे गावात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून 'बघू'.

महिनाभराने रायफल डावीकडे मारू लागली.

आधी थोडी, मग बोटभर. पुंजकाही फुटला, बटण जाऊन पेल्याचं बूड लागू लागलं. निवडीला पाच आठवडे होते. दादाने वही उघडली. तक्रार, डावीकडे. दुरुस्ती, सगळे स्क्रू काढून पुन्हा आवळले. तक्रार, डावीकडे. दुरुस्ती, रायफलीवरची दुर्बीण उतरवून पुन्हा चढवली. तक्रार, तीच. काडतुसांची जात बदलली, चापाची स्प्रिंग बदलली, नळी आरशासारखी घासली, दस्त्याच्या आतलं बारा वर्षांचं गुलाबी खरवडून नवं ओतलं. वाऱ्यावर संशय घेतला. वारा नसायचा, तर वारा नसण्यावर संशय घेतला. दुर्बिणीची घुंडी फिरवून नेम उजवीकडे ओढून घ्यावा, तर एक गोळी उजवीकडे जायची आणि दुसरी पुन्हा डावीकडे. घरी जेवताना घास डाव्या गालात धरून विचार करत बसायचा.

"दुखतंय का?" वहिनीने विचारलं.

"कुठे? नळीत काही दिसत नाही."

वहिनीने कपाळाला हात लावला.

क्लबाची जागा म्हणजे टेकडी खणून काढलेला सपाट तुकडा, पत्र्याची शेड, समोर मातीचा बांध. क्लबाचे सेक्रेटरी निवृत्त पोस्टमास्तर आहेत. ते गुण असे वाचून दाखवतात की कुणाच्या तरी घरी तार आली आहे असं वाटावं. आणि त्या वर्षी तिथे भूगोलाच्या बाई होत्या. शाळेत शिकवतात, गोल चेहऱ्याच्या, सुखवस्तू गालांच्या, क्लबातली सामायिक जुनी रायफल वापरायच्या, जिचा बोल्ट चारही हालचाली करायला लावतो आणि दर वेळी कुरकुरतो. दोन वर्षांतच त्या गुणांत दादाच्या बरोबरीला येऊन पोचल्या होत्या. संघातले बाकी तिघं पक्के धरलेले, चौथी जागा एकच होती आणि आता ती त्यांची दिसत होती.

निवडीच्या आदल्या रविवारी दादाने ठरवलं की दोष रायफलीचा आहे हे एकदा चारचौघांत सिद्ध करावं. त्याने कवळी बाईंच्या पुढे केली.

"पाच मारून बघा. माझ्याच हातात रुसते असं कुणी म्हणायला नको."

"तुमची? मी?" बाई म्हणाल्या. "यात काही कुणाचं उष्टं वगैरे नाही ना?"

"गाल टेकवा, बस. बोल्ट सरळ मागे, सरळ पुढे."

"माहीत आहे. छत्रीवर पाहिलंय."

बाईंनी पाच मारल्या. पोस्टमास्तर दुर्बिणीतून बघत राहिले. मग तार वाचल्यासारखे म्हणाले, "पाचही मधोमध. एकावर एक."

 पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला, जो स्वच्छच होता.

"छान आहे हो," बाई म्हणाल्या, अवघडून. "गाल अगदी बसतो इथे. जसा काही माझ्याच मापाने केलाय."

दादाने त्यांच्या गालाकडे पाहिलं. गाल बघण्यात त्याचा जन्म गेलेला. मग त्याने दोन बोटं आपल्या उजव्या गालावर ठेवली, आणि बोटं आत गेली. दाढा गेल्या की गाल बसतो. गाल बसला की डोकं दस्त्याकडे कलतं. डोकं कललं की डोळा दुर्बिणीच्या रेषेतून सुटतो. यातलं पहिलं वाक्य तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवत होता.

त्या दिवशी वहीत एकच ओळ आहे. तपासणी, रायफल निर्दोष.

सोमवारी सकाळी तो बहिणीकडे आला. (बहीण म्हणजे मीच, पण गोष्टीत तिलाही सूट नाही.) पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. प्लास्टरचा जबडा, वरचा, उजवीकडे तीन दाढांची मोकळी जागा.

"कुणाचा?"

"विचारू नकोस. पुलापलीकडच्या कवळीवाल्याला नेऊन दे. तीन दाढा बसवून शनिवारपर्यंत दे म्हणावं. नाव सांगू नकोस."

पुलापलीकडच्याशी दादाचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. बहिणीला हसू आवरेना. "तुला स्वतःला करता येत नाही?"

"दोनदा बसलो. मेणात दात रोवायला घेतला की हात थांबतो. आणि कुठे टोचतंय हे सांगणारा मी, सवय होईल म्हणणाराही मीच. तो न्याय नव्हे."

"प्लास्टरची कड बघूनच तो ओळखेल कुणाचं काम ते."

"मग ओळखू दे. पण तू नाव सांगू नकोस."

"एका सामन्यासाठी एवढं?"

दादा खुर्चीत बसला. "एका नाही. या वर्षी बाहेर पडलो की पडलो. सगळे म्हणतील, बरं झालं, आता घरी आराम करा. मी नव्हतं का म्हटलं तसं त्या सत्तरीच्या माणसाला? चांगल्या आवाजात म्हटलं होतं. तेच जास्त लागतं."

बहीण जबडा पिशवीत घालून निघाली. पुलापाशी पोचल्यावर आठवलं, सोमवारी त्याचं दुकान बंद. मंगळवारी तिला बँकेत जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या जबड्यासाठी पूल चढायचा तिला कंटाळा आला. बुधवारी निघायच्या आत फोन वाजला.

"दिलास का?" दादा.

"आता निघालेच होते."

"थांब. देऊ नकोस."

झालं होतं असं. मंगळवारी संध्याकाळी वहिनी मागच्या खोलीत गेली, तर हा जमिनीवर पालथा, बोल्ट काढून ठेवलेल्या रायफलीला गाल लावून, आणि दस्त्यावरून कोमट मेण गळतंय.

"हे काय चाललंय?"

"माप घेतोय," दादा गाल न हलवता म्हणाला.

"तिचं की तुमचं?"

"आता जो आहे त्या गालाचं. तो आधीचा गाल गेला. त्याच्यासाठी केलेलं दुसऱ्याला बसतंय, मला नाही."

"आणि दाढा?"

"दाढा बसवल्या की गाल पुन्हा वर येईल. मग ही उजवीकडे मारेल."

वहिनी दारातून आत आली. मग तिने खाली बसून, पदर सावरत, त्याचं डोकं जरा डावीकडे सरळ केलं. "एवढं तरी नीट घ्या. मान वाकडी होती."

रविवारी निवड झाली. बाई पहिल्या आल्या, त्याही त्या कुरकुऱ्या रायफलीवर. दादा एका गुणाने चौथा, आणि पक्क्या धरलेल्यांतला एक जण बाहेर. पोस्टमास्तरांनी नेहमीच्याच आवाजात वाचून दाखवलं, आणि दादाने रुमाल काढून नाक शिंकरलं, जे चोंदलेलं नव्हतं. घरी येऊन वहीत कागद चिकटवला, बटण शिवलं, आणि बारा वर्षं मोकळा राहिलेला रकाना पहिल्यांदा भरला. रुग्णास सूचना: डाव्या बाजूने चावावे.

तेव्हापासून चावतोय. दात गेलेल्या जागी हाड दर वर्षी थोडं झिजतं, गाल थोडा आणखी बसतो, आणि दर निवडीच्या आधी दादा मेण कोमट करतो. दस्त्यावर आता गुलाबीचे चार थर आहेत, पहिला जरा फिका, शेवटचा चकचकीत. संघात अजून आहे. कठीण काही खाता येत नाही, वहिनी सगळं मऊ शिजवते आणि दोष बहिणीला देते, की सोमवारीच पूल ओलांडला असता तर आज घरात दातांचा माणूस असता.

तर दादा, झालं सांगून. दुकान मंगळवारीही उघडं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्या साच्याचा उपयोग नाही हे मला कळतं. तुझं तोंड त्याच्यापासून केव्हाच पुढे गेलंय. तरी फळी पुसताना मी तो उचलते, पुसते आणि परत ठेवते. तुझी चिठ्ठी अजून बांधलेली आहे, तुझ्याच बारीक अक्षरात: पुलापलीकडे, उजवीकडून तिसरं दुकान, सोमवारी बंद.