डावीकडं कललेली फियाट

संयोगिता खराडे यांची जुनी फियाट एका अंगाला कलते आहे, हे पहिल्यांदा पेट्रोल पंपावर कळलं. हवा भरणारा म्हणाला, "बाई, मागं डाव्या बाजूला वझं काय ठेवलंय?" डिकी उघडली तर आत स्टेपनी आणि एक गोणपाट, एवढंच.

संयोगिताबाई कोल्हापुरात राजारामपुरीतल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यापासून घरात एकट्याच. दर रविवारी त्या फियाट घेऊन शिरोळजवळच्या माहेरी जायच्या. तिथं थोरली बहीण बनाबाई, म्हणजे आक्का, राहायची. आक्काचे गुडघे गेलेले. एसटीची पायरी चढवत नव्हती, आणि भाड्याच्या गाडीत बसली की हटकून उलटी. फियाटच्या पुढच्या सीटवर, काच खाली करून, शेजारी बहीण असली की मात्र काही होत नसे. दोघी कृष्णेच्या पुलापर्यंत जायच्या, उसाचा रस प्यायच्या आणि परत फिरायच्या. आक्काचं घराबाहेर पडणं तेवढंच.

जवळच्या गॅरेजवाल्यानं मागचे शॉकअप बदलले. गाडी होती तशीच कललेली. मग कुणीतरी उद्यमनगरातले जुन्या गाड्यांचे मिस्त्री दत्तप्रसाद लोहार यांचं नाव सुचवलं.

"शॉकअप धक्का खातोय, बाई. गाडी उचलून धरायचं काम पाट्याचं, चाकावरच्या ह्या वाकड्या लोखंडी पट्ट्यांचं," गाडीखाली वाकून ते म्हणाले. त्यांनी चाकांतली हवा सारखी केली, गाडी सपाट फरशीवर लावली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप धरला. मागची डावी बाजू चार बोटं खाली होती. "डावा पाटा बसलाय. बाक देऊन आणू. झालंच काम."

पाट्यांना बाक दिला आणि गाडी सरळ उभी राहिली. बाईंनी तिथूनच आक्काला फोन लावला, "रविवारी येते गं!" त्या गेल्याही. पण परतताना हातकणंगल्याजवळ चाक खड्ड्यात आपटलं, मागून करकर आवाज आला, आणि घरासमोर उतरून पाहतात तर गाडी पुन्हा डावीकडं.

दत्तप्रसाद चक्रावले. त्यांनी डावा पाटा उजवीकडं आणि उजवा डावीकडं घातला. "खोट पाट्यात असंल तर आता गाडी उजवीकडं कलाय पायजे."

कलली ती डावीकडंच.

मग त्यांनी मागची सीट काढली, खालचं रबर उचललं, पाटा जिथं गाडीला टांगलेला असतो तिथं स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आरपार गेला. पत्राच कुजला होता आणि पाटा त्यात वर वर घुसत चालला होता.

"गाडी कधी पाण्यात हुती काय?"

बाईंना महापूर आठवला. २०१९ च्या महापुरात त्या आक्काला आणायला गेल्या होत्या. "म्हसरं निघाल्याबिगर मी हालत न्हाय," म्हणून आक्का हटून बसली. म्हशी हलवेपर्यंत रस्ता पाण्याखाली गेला. दोघी नावेतून बाहेर पडल्या. फियाट अंगणातच बुडाली. पुढं गाळ उपसला, इंजिन खोललं, गाडी सुरू झाली. निभावलं, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

"वेल्डिंग करून भागेल का?" बाईंनी विचारलं.

"टाका धराया पत्रा तर पायजे की." तरी त्यांनी एक टाका मारून पाहिला. भोक आणखी मोठं झालं. दुसऱ्या फियाटचा तळ कापून बसवावा म्हणून त्यांनी इचलकरंजी, सांगली पालथी घातली. एक गाडी सापडली, तीही तिथंच सडलेली. शेवटी ते हात पुसत म्हणाले, "मला न्हाय जमत, बाई. आणि तुमी ही रस्त्यावर काढू नका. पाटा निसटला तर गाडी हातात ऱ्हायाची न्हाय."

आक्का फोनवर विचारायची, "गाडी झाली का गं?" बाई म्हणायच्या, "पार्ट मिळेना." खरं सांगितलं असतं तर आक्कानं सगळं स्वतःच्या माथी घेतलं असतं.

एका रविवारी बाई एसटीनं गेल्या. आक्का इरकल नेसून, डोक्याला रुमाल बांधून दारात बसली होती.

"गाडी कुठं लावलीस?"

"एसटीनं आले."

आक्कानं डोक्याचा रुमाल सोडला. मग हळूच म्हणाली, "पाण्यानं खाल्ली न्हवं?"

"न्हाय गं. जुनी झाली, दुसरं काय."

आक्कानं ते मानलं नाही, पण वादही घातला नाही. "चल, कोपऱ्यापातूर चालत जाऊया," म्हणाली आणि बहिणीच्या खांद्याला धरून उठली. शेजारच्या दारापर्यंत गेल्या. तिथं गुडघा दगा देऊ लागला. शेजारच्या तानाबाईंनी लगबगीनं खुर्ची आणली. आक्का बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि पलीकडून जाणारा ट्रॅक्टर बघत राहिली. बाई तिचा हात धरून उभ्या होत्या. परतीच्या एसटीची वेळ होत आली होती, पण तो हात त्यांना सोडवेना.