पायरीखालचे काका

कुणाच्या दारात मागायला गेलं की काका एक पायरी खाली थांबायचे आणि मिटलेली छत्री दोन्ही हातांनी पाठीमागं धरायचे. घरातल्या बाईनं धान्याचं सूप पुढं केलं, तरी घ्यायला त्यांचा हात मोकळा नसायचा. तो मोकळा राहू नये म्हणूनच ती छत्री होती, हे मला उशिरा कळलं. भर उन्हात मिटलेली छत्री घेऊन हिंडणाऱ्याला तुम्हीही विक्षिप्तच म्हटलं असतं. गल्लीतली कुत्री त्यांच्यावर नेमानं भुंकायची.

नाशिक रोडच्या मालधक्क्यावर त्यांनी नोकरी केली होती. पेन्शनीत निघाल्यावर लहानसहान संस्थांच्या मागं लागले. कुठं विणकरांच्या आळीतली रात्रशाळा, कुठं एखादं वाचनालय. पण स्वतः कुणाला काही गोळा करून दिलं नाही. "मी आणून दिलं तर ते माझ्याबरोबरच संपेल," म्हणायचे.

देवळात कुणी जायचं आणि कुणी नाही, यावरून सगळं शहर तापलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी पंचवटीत खेड्यातल्या मुलींचं वसतिगृह चालवत होते. धान्य एक शेठ पाठवायचे, त्यामुळं आमचं बरं चाललं होतं. मग देवळा गावाकडून ठकू आली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, हुशार, तोंडानं फटकळ. मी तिला सगळ्यांच्या पंगतीत बसवलं. आठवड्याच्या आत शेठचा निरोप आला. तिला काढा, नाहीतर पोती बंद.

काढली असती तर ठकूची शाळा कायमची संपली असती. ठेवली तर सगळ्याच उपाशी. मी गल्लीतल्या काकांकडं गेले आणि दुसरा कुणी शेठ बघून द्या म्हणाले.

"दुसरा मी शोधून देईन," ते म्हणाले. "तिसरा कोण शोधणार?"

मग त्यांनी मुठीचं सांगितलं. घराघरातल्या बायकांनी रोज दळण काढताना एक मूठ वसतिगृहाच्या नावानं मडक्यात टाकायची आणि शनिवारी आपण जाऊन आणायची. मी शहाणपणानं म्हटलं, थेंबे थेंबे तळे साचे. तर म्हणाले, तळं साचवूच नका, आठवड्याचं आठवड्यात संपवा. एकाच्या पोत्यावर चाललेलं घर एकाच्या रागानं बंद पडतं.

पहिल्या दारात मी नुसती पदर सावरत राहिले. चांगल्या घरातली विधवा बाई मी, झोळी घेऊन उभी. घरातली बाई वडीलधारे म्हणून काकांकडं बघू लागली. काका गोदावरीच्या घाटाकडं बघत राहिले. बोलावं मलाच लागलं. तिनं विचारलं, त्या मुलीच्या हातचं तिथं शिजतं का? मी हो म्हणाले आणि दार लागलं. काका नुसतं "पुढचं घर" म्हणाले. खोटं सांगून मिळालेली मूठ टिकत नाही, एवढं मात्र चालता चालता बोलले.

पुढं दारं उघडलीही. विणकरांच्या आळीतल्या एका मुसलमान खालांनी तर आमच्यासाठी बहिणीच्या घरीही मडकं ठेवायला लावलं.

एका बाईनं मात्र अट घातली. माझी मूठ इतरांच्या धान्यात मिसळू नका. मला वाटलं, देतेय ना, मग काय बिघडलं? तिच्यासाठी मी निराळं फडकं बांधून आणलं. ते बघून काका वाटेतच थांबले. त्यांना रागावलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

"आज गाठोडं वेगळं," ते म्हणाले, "उद्या पान वेगळं मांडाल."

ते गाठोडं मी तसंच परत देऊन आले. त्यानंतर बाजरी, नागली, तांदूळ, गहू, सगळं एकाच पिंपात पडलं आणि एकत्र दळून आलं. भाकरी राखी रंगाची व्हायची आणि कडेला फुटायची. मुली नाकं मुरडून पोटभर जेवायच्या. ठकू पंगतीतच राहिली.

पण माझ्या मनात एक सल होता. काका आमच्याकडं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. त्यांच्या घरी सोवळं कडक. मला वाटायचं, बोलणं वेगळं आणि घोट गिळणं वेगळं. मी कधी विचारलं नाही.

पुढं मुली एकट्या फेरीला जाऊ लागल्या. दारात काय बोलायचं ते ठकूच नव्यांना शिकवायची. काकांनी येणं कमी केलं आणि मग अंथरूण धरलं. मी ठकूला घेऊन भेटायला गेले, तेव्हा काकू म्हणाल्या, दोन दिवस पोटात अन्न नाही.

आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले. छत्री कोपऱ्यात होती. गोधडीतून हात काढून त्यांनी तो ठकूपुढं पसरला.

"पोरी, तुमच्यातली भाकर मिळेल का थोडी?"

काकू देवघराकडं वळून क्षणभर उभ्या राहिल्या. ठकू धावत जाऊन भाकर घेऊन आली, तोवर त्यांनी स्वतः ताटली आणून ठेवली होती.

"भाकर कडक शे, काका," ठकू म्हणाली. "दूधमा कुस्करी देऊ का?"

त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि तुकडा तसाच तोंडात घेतला. बराच वेळ चघळत होते. मला राहवलं नाही. एवढी वर्षं आमच्याकडं घोटभर पाणी घेतलं नाहीत, मी म्हणाले.

"तेव्हा तुम्हाला माझी गरज होती," ते म्हणाले. "माझं पान तिथं मांडलं असतं, तर घर माझं झालं असतं."

मी तिथंच रडले. माझ्या सलाची लाज वाटली आणि बरंही वाटलं.

काका शुक्रवारी गेले. शनिवारी सकाळी, आज फेरीला जाऊ नका, असं मुलींना सांगायला मी उठले. खुंटीवर झोळ्या नव्हत्या. पोरी कधीच निघून गेल्या होत्या.