कुणकेवाडीच्या व्हाळातले मासे

विद्याधर नगरातल्या निशिगंधा सावंतच्या गच्चीवर पापड वाळत नाहीत, तिथे मासे राहतात. हिरव्या जाळीखाली अकरा टब, आणि प्रत्येकावर चिकटपट्टी: कुठल्या ओढ्यातला मासा, कुठल्या साली धरला. किलीफिश म्हणतात त्यांना. बोटाएवढा जीव, डोक्यावर चांदीचा ठिपका. एका ओढ्याचे मासे दुसऱ्या ओढ्याच्या माशांत मिसळायचे नाहीत, दिसायला कितीही सारखे असोत. आणि बाई याबाबतीत भलत्याच कडक! कुणी चुकून म्हणालं, "असले बाजारात मिळतात की," तर अर्धा तास त्याची सुटका नसे.

त्यातही पहिला टब म्हणजे तिचा जीव की प्राण. सावंतवाडीकडच्या कुणकेवाडीत, तिच्या माहेरामागे व्हाळ, म्हणजे ओढा, आहे. माहेरपणाला गेली असताना तिने तिथून स्वतः धरून आणलेले हे मासे.

गेल्या मे महिन्यात घरातले सगळे लग्नाला पुण्याला गेले. आठवड्याने परत येतात तो जाळी वाऱ्याने उडालेली, पाणी चहासारखं तापलेलं. पहिल्या टबात तीन नर उरले होते, मादी एकही नाही. आणि रविवारी मासे पाळणारी मंडळी खास तोच टब बघायला येणार होती! निशिगंधाने काय करावं? ई-रिक्षा केली, चारदीवारीतलं, म्हणजे जुन्या शहरातलं, माशांचं दुकान गाठलं आणि चार माद्या आणून टबात सोडल्या.

"सेम टू सेम तर आहेत, मम्मा," मिताली म्हणाली. "मतलब, कोणाला कळणार?"

लेकीला रागवायलाही तिला तोंड उरलं नव्हतं. चिकटपट्टी तशीच राहिली. रविवारी लोकांनी तोंडभर कौतुक केलं आणि ही खाली मान घालून चहा देत राहिली.

मग यंदा थंडीत कुणकेवाडीच्या शाळेतल्या प्रज्ञाबाईंचा फोन आला. वरच्या चिऱ्याच्या खाणीचा गाळ उतरून व्हाळातले मासे केव्हाच संपले होते. खाण बंद झाली, मुलांनी दोन वर्षं खपून गाळ उपसला, पाणी पुन्हा नितळ झालं. "आसपासच्या सगळ्या व्हाळांत शोधलं, ताई. आपले मासे आता फक्त तुमच्याकडे. पाठवाल ना?"

"हो, पाठवते की," निशिगंधा बोलून गेली.

त्यानंतर तिला घास गोड लागेना. ओल्या कापसात पहिल्या टबातली अंडी ठेवली, डबा बंद केला, वर गावाचं नाव लिहायला घेतलं आणि पेन खाली ठेवलं. असं तीनदा झालं. चौथ्या दिवशी प्रज्ञाबाईंनी फोटो पाठवला: व्हाळाकाठी मुलांनी रंगवलेली पाटी, त्यावर मासे आणि खाली 'निशिगंधाताईंची भेट'. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तिथल्या तिथे फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"ते आपले नाहीत, बाई. मी बाजारातल्या माद्या मिसळल्या. आणि इतके महिने खोटं बोलले."

प्रज्ञाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.  पण त्यांनी हळूच विचारलं, "त्याआधी कुणाला दिले होते का तुम्ही? एखादी जोडी तरी?"



"मागितले होते खूप जणांनी," निशिगंधा म्हणाली. "मीच दिले नाहीत. फक्त माझ्याकडेच असावेत, असं वाटायचं मला."