नऊ एक्क्यांचा ताळा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सरांनी प्रत्येकाला एक मोठी संख्या दिली आणि तिच्याबद्दल वर्गापुढे दहा मिनिटं बोलायला सांगितलं. मला आली नऊ एक्क्यांची: ११,११,११,१११. सगळं शिक्षण इंग्रजीतून झाल्यामुळे ती मराठीत मोठ्याने वाचायचीही मला लाज वाटे. आई भाकर थापता थापता म्हणून मोकळी झाली, "अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा! आकडा हाय का गाणं वं?"

ही संख्या म्हणजे नऊ गुणिले सदतीस गुणिले ३,३३,६६७. यातली शेवटची मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, असं मी तक्त्यावर शाईने लिहून टाकलं होतं. खात्री करायची तर ५७७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भाग घालून पाहायला हवा. चार दिवस तेच करत होते. बोलायच्या दिवशी सकाळी यादीवरच्या खुणा पाहिल्या, तर १३१ राहून गेला होता. चुलीजवळच बसून भाग घातला. उत्तर २५४७, बाकी शून्य.

वर्ध्याची पॅसेंजर यायला पाऊण तास होता आणि तक्ता खोटा होता.

"काऊन वं, तोंड काऊन उतरलं?"

"तुला नाही कळणार, आई."

"मले तुह्यं इंग्रजी नाई कळत. आकडे तं कळते ना? वाच."

मी वाचलं. परातीतल्या ज्वारीच्या पिठावर तिने बोटाने मोठी फुली काढली. ती गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. गुरुजी प्रत्येक गुणाकाराला नवाचा ताळा करायला लावत: अंकांच्या बेरजा फुलीत मांडायच्या, वर आणि खाली सारखंच यायला हवं. १३१ मधल्या अंकांची बेरीज पाच, ती डावीकडे. २५४७ ची अठरा, एक नि आठ नऊ, आणि नवाच्या जागी शून्य, ते उजवीकडे. पाच गुणिले शून्य, वर शून्य. मग ३,३३,६६७: बेरीज अठ्ठावीस, दोन नि आठ दहा, म्हणजे एक. तो खाली.

"वर शून्य, खाली एक. ताळा जमून नाई राह्यला. चुकली तू. पाह्य पुन्हा."

पाहिलं. एकशे एकतीस साते नऊशे सतरा. मी नऊशे सत्तावीस लिहिले होते. बाकी शून्य नव्हती, दहा होती.

आईने फुली मोडून त्याच पिठाची भाकर थापली आणि म्हणाली, "आता खा. गाडी जाईन."

गाडीत वहीच्या पुठ्ठ्यावर तोच भाग आणखी तीनदा घातला. तिन्ही वेळा दहा.

वर्गात सरांनी विचारलं, "तपासलंस सगळं?"

"हो," मी म्हटलं. "एक आईने तपासलं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी तक्ता आणखी थोडा वर धरला.